रबरी चेहऱ्याआडचे काम

विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य मालिकांमध्ये मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि त्यातील बहुतेक काळ माझा स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसलेला नाही. मी परग्रहावरची न्यायाधीश झाले, पाताळातली चेटकीण झाले, एकदा तर ज्याला नावच नव्हते असा, केवळ फुसफुसणारा एक प्राणी झाले. मुलाखतींत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न "आत फार उकडते का हो?" हा असतो. उकडते. पण या उत्तराने विचारणाऱ्याच्या ज्ञानात काही भर पडत नाही. म्हणून अशी भूमिका मिळाल्यापासून ती संपेपर्यंत नटाला कशाकशातून जावे लागते, आणि पुढची कामे कोणत्या कारणांनी मिळतात किंवा हुकतात, हे त्या न्यायाधीशाच्या भूमिकेच्या आधाराने येथे लिहीत आहे.

ऑडिशनसाठी जी पाने मिळाली त्यांत ग्रहाचे नाव नव्हते, पात्राचे खरे नाव नव्हते, आणि प्रसंगही मालिकेतला नव्हता. कथा फुटू नये म्हणून असे बनावट प्रसंग लिहून घेण्याची पद्धत या क्षेत्रात सर्रास आहे. वर्णन एवढेच होते की स्त्री वयस्क आहे, अधिकारी आहे आणि आवाज चढवत नाही. दुसऱ्या फेरीत मला तोच प्रसंग कपाळ अजिबात न हलवता करायला सांगण्यात आले, आणि तो झाल्यावर प्रश्नांची एक यादी पुढे आली: बंद जागेत गुदमरल्यासारखे होते का, लॅटेक्सची अॅलर्जी आहे का, डोळ्यांत लेन्स सहन होते का, एका जागी चार-पाच तास बसण्याची सवय आहे का. मी हे सगळे कार्यालयीन सोपस्कार समजून उत्तरे देत होते. निवड झाल्यावर मेकअप विभागाच्या प्रमुखांकडून कळले की अखेरच्या दोघींपैकी एकीला केवळ लॅटेक्समुळे वगळावे लागले होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी पुढे प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले आहे. प्रोस्थेटिकने, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवायच्या रबरी तुकड्यांनी, चेहऱ्यावर भर घालता येते, असलेले काही काढून टाकता येत नाही. त्यामुळे अरुंद चेहरा, लांब मान आणि बेताचे नाक असलेली माणसे या कामाला सोयीची पडतात. ज्या चेहऱ्याला इतर निर्माते 'रोड' म्हणून नाकारत होते, तोच येथे जमेची बाजू ठरला.

त्यानंतर लाइफकास्ट, म्हणजे चेहऱ्याचा आणि खांद्यांपर्यंतच्या भागाचा साचा घेणे. केसांवर टक्कल-टोपी घट्ट बसवतात, भुवया आणि पापण्यांना व्हॅसलिन चोपडतात आणि मग अल्जिनेट लावायला सुरुवात होते. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून मिळते, आणि जबड्याचा ठसा घेण्यासाठी दातांचे डॉक्टर तेच वापरतात. पाण्यात कालवले की त्याचा घट्ट, थंडगार लगदा होतो आणि काही मिनिटांत तो रबरासारखा आळतो, म्हणून दोघे-तिघे जण एकदम हात चालवतात. आधी कपाळ, मग गाल, मग मिटलेले डोळे, आणि सर्वांत शेवटी ओठ. नाकपुड्यांभोवती एक माणूस फक्त तेवढेच काम करत असतो, कारण श्वासाची वाट तेवढीच उरलेली असते. वरून प्लास्टरच्या पट्ट्या बसवतात, कारण नुसते अल्जिनेट स्वतःचा आकार धरून ठेवू शकत नाही. प्लास्टर आळताना गरम होते, त्यामुळे आतून थंड आणि बाहेरून कोमट अशी एक विचित्र अवस्था येते. ऐकू येणे जवळजवळ बंद होते, स्वतःचा श्वास मात्र मोठ्याने ऐकू येतो. बोलता येत नसल्याने खुणा आधीच ठरलेल्या असतात: अंगठा वर म्हणजे ठीक, हात आडवा फिरवला म्हणजे ताबडतोब काढा. मी अंगठा इतका वेळ वर धरून बसले होते की शेवटी कोणीतरी तो हळूच खाली घेतला.

या सगळ्यात नटाने करायचे काम एकच, चेहरा पूर्ण सैल ठेवणे. साचा घेताना ओठांवर किंचित हसू असेल, तर ते साच्यात उतरते आणि त्यावर बसवलेला प्रत्येक तुकडा त्या हसऱ्या गालाच्या मापाचा होतो. मग साध्या चेहऱ्यावर तो कडेने सुटू लागतो. साचा काढताना खाली वाकून आतल्या आत तोंड वेडेवाकडे करायचे असते, म्हणजे कातडी सुटी होते आणि साचा आपल्या वजनाने हातांत येतो. आता काही ठिकाणी त्रिमितीय स्कॅनवर भागवतात, आणि शरीराच्या मापांसाठी ते उत्तमच आहे, पण जुन्या कारागिरांना कातडीवरची छिद्रे आणि बारीक सुरकुत्या दाखवणारा प्लास्टरचा मुखवटाच हवा असतो. दातांचा ठसा वेगळा घेतला जातो, कारण माझ्या न्यायाधीशाला माणसासारखे दात असणार नव्हते.

पुढच्या भेटीत माझ्याच प्लास्टरच्या चेहऱ्यावर मातीने घडवलेला दुसरा चेहरा पाहिला. कपाळापासून मानेपर्यंत उतरणारी उंच कड, भुवयांच्या जागी हाडाची पट्टी, आणि गाल खोलगट. शिल्पकाराने मला समोर बसवून भुवया उंचवायला, डोळे बारीक करायला, चिडायला, जांभई द्यायला सांगितले आणि माझ्या कपाळावर कातडी नेमकी कोठे दुमडते तेथे मातीवर कोरणीने खुणा केल्या. त्या रेषांवर जाडी कमी ठेवली तरच आतल्या स्नायूची हालचाल बाहेर पोहोचते. पुढच्या सगळ्या अभिनयाची मर्यादा त्या तासाभरात ठरत होती, आणि कॅमेरा तर अजून कोठेच नव्हता.

येथे थोडे साहित्याबद्दल सांगायला हवे. फोम लॅटेक्स हे पातळ लॅटेक्स फेसाळेपर्यंत घुसळून, साच्यात भरून, भट्टीत काही तास मंद भाजून तयार होते. ते स्पंजासारखे हलके असते, चेहऱ्याबरोबर सहज हलते, पण प्रकाश त्यातून आरपार जात नाही, म्हणून जवळच्या दृश्यात कातडीचा जिवंतपणा रंगांनी आणावा लागतो. सिलिकोनमध्ये प्रकाश थोडा शिरतो आणि खऱ्या त्वचेसारखी झाक येते. मात्र ते जड असते आणि घाम त्यातून बाहेर पडत नाही, तो आतच साचतो व गोंदाची पकड सैल करतो. आमच्या विभागाने डोके आणि कड फोम लॅटेक्सची केली आणि गाल व हनुवटी सिलिकोनची. चेहरा अशा सुट्या, एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत केलेला असतो. त्यांच्या कडा कागदाहून पातळ असतात आणि काढताना त्या विरघळून किंवा फाटून जातात, त्यामुळे चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसासाठी नवा संच लागतो. मी चित्रीकरणात असताना मागे कार्यशाळेत माझे उद्याचे कपाळ भट्टीत असे, आणि हवेचा एखादा बुडबुडा राहिलेले कपाळ बाद होऊन कोपऱ्यातल्या खोक्यात पडे.

दूरचित्रवाणीचे गणित येथेच चित्रपटापेक्षा वेगळे होते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे १९८७ ते १९९४ या काळात सात हंगामांत १७८ भाग झाले. त्यात मायकल डॉर्नने साकारलेला, क्लिंगॉन या परग्रही जमातीचा वॉर्फ सुरुवातीपासून होता आणि त्याच्या कपाळावरचा उंचवटा रोज नव्याने चिकटवावा लागे. मायकल वेस्टमोर यांनी १९८७ पासून २००५ पर्यंत या मालिकासमूहाच्या मेकअपची धुरा सांभाळली. त्यांच्या टीमने बसवलेल्या पद्धतीचे तत्त्व आजही चालते: बहुतेक जमातींना कपाळ आणि नाक एवढ्यातच वेगळेपण द्यायचे आणि डोळे व तोंड नटाकडे राहू द्यायचे. पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड आहे असे समजले जाते. माझ्या मते नटावर झालेला तो मोठा उपकार आहे. ज्या भूमिकांत माझे तोंडही झाकले गेले, त्या पाहताना मला स्वतःलाच मी सापडत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी इतरांचा कॉल टाइम सकाळचा असेल तर माझा पहाटेच्या कितीतरी आधीचा असे. पहिल्या काही वेळा साडेचार तास लागले. नंतर दोघा कलाकारांचे हात बसले आणि वेळ तीन तासांवर आला. त्वचा स्वच्छ करून तिच्यावर संरक्षक थर देतात, टक्कल-टोपी चढवतात, आणि मग मधला तुकडा आधी व कडेचे नंतर अशा क्रमाने गोंद लावत जातात. सिलिकोनच्या कडा द्रावणाने विरघळवून त्वचेत मिसळून टाकतात. फोमच्या कडांवर अॅक्रिलिक गोंदाचा लेप देऊन त्या बुजवतात. मग रंग. रंग सपाट दिला तर चेहरा रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो, म्हणून तांबडे, हिरवट, जांभळे ठिपके आखूड केसांच्या ब्रशने उडवून थरावर थर चढवले जातात आणि सर्वांत वर शिरा काढल्या जातात. एक कलाकार डावीकडे, एक उजवीकडे. दोघांनी आपापल्या बाजूला काढलेल्या शिरा जुळाव्यात म्हणून मध्ये मध्ये दोघेही मागे सरकून माझ्याकडे आरशात पाहत. लेन्स घालायला वेगळा तंत्रज्ञ येई. बुबुळाबाहेरचा पांढरा भागही झाकणाऱ्या त्या मोठ्या लेन्स दिवसभर ठेवता येत नाहीत, ठरावीक वेळाने काढून डोळ्यांना विश्रांती द्यावी लागते, आणि ती वेळ मोजणे हे त्या तंत्रज्ञाचे काम. दात सर्वांत शेवटी, टेकच्या अगदी आधी.

खुर्चीत झोपता येते, असे बाहेरून वाटते. पण डोके पडले तर कड सरकते, म्हणून मी डोळे मिटून संवाद म्हणत राही, ओठ न हलवता. गप्पा मारणारे नट या कलाकारांना फार आवडत नाहीत, आणि त्यांनी तसे कधी तोंडावर सांगितले नाही तरी नावांची यादी त्यांच्या डोक्यात पक्की असते. या यादीचे महत्त्व पुढे सांगते.

लूक टेस्टच्या वेळी पहिल्यांदा मॉनिटरवर स्वतःला पाहिले. मला जी चीड आतून जाणवत होती ती बाहेर कोठेच नव्हती. उलट, काही मनात न ठेवता मी नुसती मान खाली घातली तेव्हा न्यायाधीश खिन्न दिसली. यात गूढ काही नाही. जपानच्या नो रंगभूमीवर हे कित्येक शतकांपासून ठाऊक आहे: तेथील लाकडी मुखवटा किंचित वर उचलला की प्रसन्न दिसतो, किंचित खाली कलला की उदास, कारण प्रकाश आणि सावली त्याच्या उंचवट्यांवर वेगळी पडते. मी त्यानंतर आरशासमोर रबरी कपाळ लावून कोणत्या कोनात काय दिसते याची एक वही केली. मान डावीकडे आणि हनुवटी पुढे म्हणजे संशय. पापण्या अर्ध्या आणि मान ताठ म्हणजे निकाल ठरलेला आहे. भुवया नसल्याने प्रश्नार्थक भाव कपाळावर आणता येत नव्हता, तो मी श्वासावर नेला: प्रश्न विचारण्याआधी श्वास ऐकू येईल इतका आत घ्यायचा. चेहऱ्याचे स्नायू एरवीपेक्षा बरेच जोरात हलवायचे, पण डोके मात्र एरवीपेक्षा कमी, कारण कड मोठी असल्याने डोक्याची लहानशी हालचालही पडद्यावर मोठी होते. ही दोन विरुद्ध मापे एकाच वेळी सांभाळणे अंगवळणी पडायला पहिला हंगाम गेला.

यात छायाचित्रणकाराचा वाटा मोठा होता. हाडाच्या पट्टीची सावली थेट माझ्या डोळ्यांवर पडे आणि तेवढ्या दोन खिडक्याही बंद होत. त्यांनी कॅमेऱ्याच्या शेजारी एक छोटा दिवा केवळ माझ्या डोळ्यांसाठी लावायला सुरुवात केली. ज्या भागांत तो दिवा नाही, ते भाग मी आजही पाहिल्याबरोबर ओळखते.

बोलण्याचा प्रश्न वेगळाच. खोट्या दातांनी 'स' आणि 'श' शिटीसारखे येत, 'फ' तर येतच नसे. दात घरी नेऊन मी रोज मोठ्याने वाचन करत असे, तरीही पुष्कळसे संवाद नंतर डबिंगमध्ये पुन्हा म्हणावे लागले, आणि तेथे दात न घालता पण दात घातल्यासारखे बोलावे लागते. त्यातच न्यायालयाचे निवाडे ग्रहाच्या भाषेत होते. अशा भाषा तयार करण्याचे काम आता भाषाशास्त्र जाणणारी माणसे करतात. क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रँड यांनी रचली, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'साठी दोथराकी भाषा डेव्हिड पीटरसन यांनी. आमच्या सल्लागारांनी प्रत्येक वाक्य एकदा संथ आणि एकदा बोलण्याच्या वेगात ध्वनिमुद्रित करून दिले होते. ध्वनी पाठ करणे सोपे असते, पण त्याने अभिनय होत नाही. क्रियापद कोठे आहे, नकार कोणत्या अक्षरात आहे, हे कळल्याशिवाय जोर कोठे द्यायचा ते ठरत नाही, म्हणून मी प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहून घेत असे. यंत्रांविषयीचे संवाद मात्र खरोखरच निरर्थक असतात. 'नेक्स्ट जनरेशन'चे लेखक संहितेत तशा जागी नुसते 'टेक' (म्हणजे टेक्नॉलॉजी) असे लिहून पुढे जात आणि शास्त्रीय भासणारे शब्द सल्लागार नंतर भरत, ही गोष्ट त्या लेखकांनीच सांगितलेली आहे. असा संवाद म्हणताना त्याचा अर्थ शोधू नये. तो म्हणणाऱ्याला घाई आहे, भीती आहे की कंटाळा आहे, एवढेच ठरवावे.

फ्लोअरवरच्या कामाबद्दल लोकांना जेवढे कुतूहल असते तेवढे सांगण्यासारखे मला तेथे आढळले नाही. हिरव्या पडद्यासमोर काठीच्या टोकाला चेंडू बांधून त्याच्याकडे पाहत बोलावे लागते, आणि नाटकात काम केलेल्या माणसाला ते अवघड जात नाही. २०१९ मध्ये आलेल्या 'द मँडलोरियन' या मालिकेने एलईडीच्या प्रचंड भिंतींवर पार्श्वभूमी जिवंत दाखवण्याचे तंत्र रूढ केले, आणि अशा भिंतीसमोर मी एका मालिकेत काम केले तेव्हा सर्वांत मोठा फरक हा जाणवला की सगळे नट एकाच दिशेला पाहतात. चेंडूच्या वेळी प्रत्येकाचा डोंगर वेगळ्या उंचीचा असे.

पॅकअपनंतर घरी जाता येत नाही. चेहरा काढायला तासभर लागतो, कारण तो ओढायचा नसतो. कडेपासून ब्रशने तेलकट द्रावण आत सोडत, गोंद विरघळवत पुढे जायचे असते. थकलेला माणूस घाई करतो आणि मग दुसऱ्या दिवशी सोललेल्या कातडीवर पुन्हा गोंद लागतो. नंतर गरम पाण्यात पिळलेले फडके, मलम, आणि मग घर. अमेरिकेतील कलाकार संघटनेच्या नियमांत एका दिवसाचे काम संपण्यापासून दुसऱ्या दिवसाच्या कॉलपर्यंत साधारणपणे १२ तासांची विश्रांती धरलेली आहे. मेकअपचे तास कामात धरले जातात की नाही, यावर अशा नियमाचा खरा उपयोग ठरतो, आणि जेथे ते धरले जात नाहीत तेथे प्रोस्थेटिक करणारा नट युनिटमधला सर्वांत कमी झोपलेला माणूस असतो.

तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर संहितेत न्यायाधीशाचा खून झाला. एरवी नटाच्या दृष्टीने ही वाईट बातमी असते. पण पुढच्याच महिन्यात मेकअप प्रमुखांचा फोन आला: एका दुसऱ्या जमातीचे पात्र येत आहे, चेहरा पूर्ण वेगळा, दिग्दर्शकाला मी तुमचे नाव दिले आहे. वर उल्लेख केलेली यादी ती हीच. अभिनयाचा दर्जा निर्माते पाहतात, पण पहाटे कोण वेळेवर येतो, कोण स्थिर बसतो, कोणाची त्वचा गोंद सहन करते आणि कोण सायंकाळी कडा ओरबाडत नाही, हे फक्त मेकअपच्या खोलीतील माणसांना ठाऊक असते, आणि अशा भूमिकांच्या निवडीत त्यांचा शब्द मोलाचा ठरतो. माझी निम्मी कारकीर्द या शिफारशींवर उभी आहे, हे मी आनंदाने सांगते.

चेहरा ओळखीचा नसण्याचा हा लाभ घेतलेली मोठी उदाहरणे आहेत. जेफ्री कोम्ब्जने 'स्टार ट्रेक' समूहातल्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत वेयून आणि ब्रंट अशी दोन अगदी वेगळ्या जमातींची पात्रे केली, आणि १९९९ मधील शेवटच्या भागांपैकी एकात ती दोन्ही पात्रे आहेत. पुढे त्याच समूहातल्या 'एंटरप्राइज'मध्ये तोच निळ्या कातडीचा श्रान झाला, ज्याच्या डोक्यावरच्या शृंगिका दुसरा माणूस दूरनियंत्रकाने हलवत असे. म्हणजे त्या पात्राच्या रागाचा एक भाग वेगळ्याच माणसाच्या बोटांत होता. आर्मिन शिमरमन त्याच 'डीप स्पेस नाइन'मध्ये मोठ्या कानांचा क्वार्क करत होता आणि त्याच काळात 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या मालिकेत, कोणत्याही मुखवट्याविना, शाळेचा मुख्याध्यापक. दोन लोकप्रिय मालिकांत एकाच वेळी दिसूनही तो एकच माणूस आहे हे अनेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नसे.

याची दुसरी बाजू मला भोगावी लागली. एका कौटुंबिक मालिकेच्या निवडीसाठी मी माझ्या कामाच्या चित्रफिती पाठवल्या, तेव्हा समोरून विचारणा झाली की यात तुम्ही कोठे आहात. मी खरेच बोलले, तेव्हा नवोदितांच्या रांगेत बसून पुन्हा ऑडिशन द्यावी लागली. मला त्याचा राग आला नाही. त्यांना माझे डोळे सोडून काही दिसलेच नव्हते. तरीही लिओनार्ड निमॉयच्या वाट्याला आले ते अधिक अवघड असावे असे मला वाटते. १९६६ ते १९६९ या काळात मूळ 'स्टार ट्रेक'च्या तीन हंगामांत स्पॉक या परग्रहवासीयाच्या भूमिकेसाठी त्याला दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्काराची नामांकने तीनदा मिळाली, पण टोकदार कान आणि तिरप्या भुवया सोडल्या तर चेहरा त्याचाच होता, त्यामुळे पात्र त्याला घरापर्यंत चिकटले. १९७५ साली त्याने आत्मकथनाच्या शीर्षकातच आपण स्पॉक नसल्याचे जाहीर केले, आणि वीस वर्षांनी दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकात ते मागे घेतले. माझे पात्र मला कधी चिकटले नाही. ते रोज सायंकाळी तुकड्यातुकड्यांनी कचऱ्यात जात असे.

श्रेय कोणाचे, हा तंटाही या क्षेत्राचा कायमचा सोबती आहे. 'डॉक्टर हू' या मालिकेत १९६३ साली पहिल्यांदा आलेल्या डालेक नावाच्या यंत्रकवचधारी शत्रूंच्या आत बसून ते चालवणारा माणूस एक आणि आवाज देणारा दुसरा, ही व्यवस्था आजही तशीच आहे. 'द मँडलोरियन'मध्ये शिरस्त्राणधारी नायकाचा आवाज पेद्रो पास्कालचा असला, तरी चिलखतात पुष्कळदा ब्रेंडन वेन आणि लतीफ क्राउडर असत. चेटकिणीच्या भूमिकेत माझाही आवाज बदलण्यात आला, आणि ते मला मालिका लागल्यावर कळले. आवाज देणाऱ्या बाईंनी काम उत्तम केले होते, यात वाद नाही. पण मी जेथे श्वास घेतला होता तेथे त्यांनी घेतला नव्हता, आणि माझ्या हिशेबी ती वेगळी चेटकीण होती.

न्यायाधीशाची ती मालिका तिसऱ्या हंगामानंतर कथा अर्ध्यावर सोडून बंद झाली. या प्रकारात ते नित्याचे आहे, कारण प्रत्येक भाग महाग असतो आणि प्रेक्षक जमायला वेळ लागतो. 'फायरफ्लाय' या अंतराळमालिकेचे २००२ मध्ये १४ भाग तयार झाले होते आणि वाहिनीने त्यांतले ११ दाखवून ती थांबवली. मूळ 'स्टार ट्रेक'ही ७९ भागांनंतर बंद पडली होती. तिचे खरे आयुष्य पुनःप्रक्षेपणांत घडले, आणि जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले तोवर ती बंद होऊन अडीच वर्षे उलटली होती. अशा संमेलनांना मलाही बोलावणे येते. आयोजक माझ्या शेजारी न्यायाधीशाचे मोठे छायाचित्र लावतात, कारण ते नसेल तर लोक पाण्याची सोय विचारायला माझ्याकडे येतात. छायाचित्र असले की रांग लागते आणि प्रश्न सुरू होतात, तेही बहुधा माझ्याविषयी नसतातच: दुसऱ्या हंगामातल्या निवाड्यात न्यायाधीशांनी साक्षीदाराची शपथ का घेतली नाही, त्या ग्रहाच्या कायद्यात तशी सूट आहे का. पहिल्या वर्षी मी हे लेखकांना विचारा असे सांगत असे. आता मी उत्तर देते, आणि ते पुढच्या संमेलनात कोणीतरी मलाच पुरावा म्हणून ऐकवते.

करार करताना मी आता मानधनाच्या आधी काही गोष्टी लिहून घेते. मेकअपचे आणि तो काढण्याचे तास कामाच्या वेळेत धरावेत. सलग किती दिवस पूर्ण चेहरा चढवता येईल याला मर्यादा असावी आणि मध्ये त्वचेसाठी सुटी असावी. वस्त्राच्या आत थंड पाणी फिरवणारी बंडी मिळावी. आवाज बदलायचा असेल तर आधी मला डबिंगची संधी द्यावी. लाइफकास्ट आणि स्कॅन याच मालिकेपुरते वापरावेत, आणि माझ्या लेखी संमतीशिवाय त्यांवरून संगणकीय चेहरा बनवू नये. हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा मांडले तेव्हा त्याची गरज काय, असा प्रश्न आला होता. गेल्या करारात ते निर्मात्यांच्या मसुद्यातच छापलेले होते, फक्त त्यात 'संमतीशिवाय' या शब्दाच्या जागी 'पूर्वसूचनेशिवाय' असे होते. तो बदलून घ्यायला दोन आठवडे लागले, आणि तोवर मी साच्यासाठी खुर्चीत बसले नाही.